टाईपांची सोयरीक

मराठींत पुस्तकांवर टीका होते, नाटकांवर होते, चित्रांवर होते. परंतु ज्या छापील अक्षरांच्या द्वारें यांतील बहुतेक वाङ्मय आपणांपर्यंत येऊन पोंचतें, त्या अक्षरांवर टीका झालेली क्वचितच आढळते. शुद्धिपत्र लांबलें किंवा बांधणी सुटली, तर परीक्षक शेवटच्या दोन ओळींत नापसंती दर्शवितो. नाहींतर 'छपाई सुबक' एवढा शेरा मारून मोकळा होतो. अक्षराचें वळण कोणतें, तें त्या मजकुरास शोभतें काय, मथळ्याचें वळण आणि मजकुराचें वळण एकमेकांशीं नीट नांदतात काय, हे प्रश्न विचारण्याचा आपल्याकडे प्रघात नाहीं. ही उणीव लहान नव्हे. जो समाज आपल्या अक्षरांकडे पाहत नाहीं, त्याच्या गळ्यांत कोणींहि कसलींहि अक्षरें बांधावीं, अशी स्थिति लवकरच येते. आणि ती आलेली आहे, असें आमचें मत आहे.

प्रश्न मोठा असला तरी त्याच्या विचारासाठीं आम्ही उदाहरण जाणूनबुजून लहान घेतलें आहे. तें म्हणजे खिळे जुळवून छापलेलें भित्तिपत्रक. आणि त्यांतहि, दोन टाईपांची जोडी कशी जमवावी हेंच ज्याचें सांगणें आहे असें भित्तिपत्रक. खिळाछापाचा रोजचा व्यवहार आतां जवळजवळ संपला. तथापि पाश्चात्य देशांत हौशी मुद्रक आणि कलाशाळांतील विद्यार्थी जुनीं यंत्रें पुन्हां चालवूं लागले आहेत, आणि आपल्याच कलेचे नियम सांगणारीं भित्तिपत्रकें छापणें हा त्यांचा आवडता उद्योग आहे. अशा पत्रकाची परीक्षा फार कठीण असते. अशुद्ध भाषेंत लिहिलेलें व्याकरण जसें आपल्याच पानावर खोटें पडतें, तसें जोडीचा उपदेश करणारें पत्रक स्वतःच्या जोडींत चुकलें, तर त्याला दुसऱ्या साक्षीदाराची गरज उरत नाहीं.

प्रथम खिळाछापाचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. शिसें, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा ओतलेला खिळा हा एक घन पदार्थ आहे. तो ताणतां येत नाहीं, दाबतां येत नाहीं. संगणकावर अक्षर हवें तसें रुंद करतां येतें. येथें केसमध्यें जें आहे तेंच वापरावें लागतें. मोठ्या अक्षरांसाठीं धातु जड व महाग पडतो, म्हणून लांकडी अक्षरें आलीं. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यानें १८२७ मध्यें तीं यंत्राच्या साहाय्यानें मोठ्या प्रमाणावर कापण्यास सुरुवात केली, आणि भित्तिपत्रकांचा धंदा भरभराटीस आला. मुद्रकापाशीं प्रत्येक वळणाचीं अक्षरें मोजकीं. ओळ मात्र कागदाच्या रुंदीइतकी भरली पाहिजे. लहान शब्दाला रुंद वळण, लांब शब्दाला अरुंद वळण, अशी निवड त्याला करावी लागे. अनेक वळणें एकत्र आणण्याची रीत केवळ हौसेंतून निघाली नाहीं. तिच्या मुळाशीं गरजहि होती.

याहूनहि जुना इतिहास पाहिला, तर असें दिसतें कीं आज जीं जोडपीं आपण जन्माचीं सोबती समजतों, तीं मुळांत परकीं होतीं. रोमन लिपीचें सरळ वळण आणि तिचें तिरकें वळण घ्या. व्हेनिसच्या आल्डस मॅन्यूशियस यानें १५०१ मध्यें व्हर्जिलची काव्यें छापलीं, तीं सबंध तिरक्या वळणांत. त्या वळणाचे ठसे फ्रांचेस्को ग्रिफो यानें कोरले होते. त्या वेळीं तें वळण स्वतंत्र संसार करीत होतें. पुढें त्याच शतकांत तें सरळ वळणाच्या घरीं आलें आणि एखाद्या शब्दावर जोर देण्याचें काम करूं लागलें. ठळक टाईपाची कथाहि अशीच बोधप्रद आहे. लंडनच्या फॅन स्ट्रीट ओतशाळेच्या रॉबर्ट बेस्ली यानें १८४५ मध्यें 'क्लॅरेंडन' नांवाचा टाईप काढला. साध्या मजकुराच्या ओळींत बसून एखादा शब्द उठून दिसावा, एवढ्याच हेतूनें तो घडविला होता. बेस्लीनें त्याची नोंदणी केली. परंतु संरक्षण तीन वर्षांचेंच होतें, आणि मुदत सरतांच इतर ओतशाळांनीं त्याच्या नकला काढल्या. त्यापूर्वीं टाईप एकेकटे जन्मत आणि मागाहून त्यांची सोयरीक जुळविली जाई. येथें सोयरीक आधीं ठरली आणि टाईप मागाहून जन्मला.

आतां प्रत्यक्ष भित्तिपत्रकांकडे वळूं. परस्परांच्या उलट टोकांचीं दोन उदाहरणें घेतलीं असतां विषय स्पष्ट होईल.

पहिलें आहे इंग्लंडांतील रॉचडेल येथें १४ फेब्रुवारी १८४३ च्या खेळासाठीं छापलेलें पाब्लो फांके याच्या सर्कशीचें पत्रक. हें पत्रक पुढें १९६७ मध्यें जॉन लेनन याला एका जुन्या वस्तूंच्या दुकानांत मिळालें, त्यावरून बीटल्स मंडळीचें एक गाणें तयार झालें, आणि त्यामुळें तें जगभर माहीत झालें. त्यांत ओळीओळीला वळण बदलतें. लठ्ठ अक्षरें, चौकोनी पायांचीं अक्षरें, चेंगरलेलीं अक्षरें, असा सगळा मेळा तेथें जमला आहे. सोंवळ्या रसिकास हा गोंधळ वाटेल. पण पत्रक नीट वाचलें, तर त्यांत एक शिस्त आढळते. सर्कस कोणाची, कोठें, खेळ कोणाच्या मदतीसाठीं, त्यांत कोण काय करणार, हा क्रम अक्षरांच्या आकारावरूनच कळतो. रस्त्यानें जाणाऱ्या माणसाला सगळें वाचावें लागत नाहीं. आणखी एक गोष्ट आहे. तीं सारीं वळणें एकाच पिढीचीं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जाहिरातींसाठींच तीं जन्मलीं. सर्वांचा आवाज मोठा, सर्वांचें अंग काळेंभोर. म्हणून तीं भांडत असलीं तरी एका वाड्यांतल्या भाऊबंदांसारखीं भांडतात. त्यांच्यामध्यें आल्डसच्या काळचें एखादें नाजूक वळण आणून बसविलें असतें, तर तेंच परकें दिसलें असतें.

दुसरें उदाहरण आहे बीअट्रिस वॉर्ड या विदुषीनें १९३२ मध्यें लिहिलेलें, छापखान्याचें माहात्म्य सांगणारें पत्रक. ती लंडनच्या मोनोटाईप कंपनींत होती, आणि एरिक गिल यानें आंखलेल्या 'पर्पेच्युआ' या टाईपाचीं मोठीं अक्षरें लोकांपुढें मांडण्यासाठीं तें पत्रक निघालें. तें पुढें अनेक छापखान्यांच्या भिंतींवर लागलें. वॉशिंग्टनच्या सरकारी मुद्रणालयांत तर तें ब्राँझमध्यें ओतून बसविलें आहे. त्यांत जोडी नाहींच. एकच वळण आणि भोंवतालीं मोकळी जागा. मजकूर एकाच आवाजांत बोलणारा आहे, त्याला दुसऱ्या टाईपाची गरज भासली नाहीं. याच विदुषीनें १९३० मध्यें असें प्रतिपादन केलें होतें, कीं उत्तम मुद्रण स्वच्छ कांचेच्या पेल्यासारखें असावें, आंतील पेय दिसावें आणि पेल्याकडे लक्ष जाऊं नये. पुस्तकाच्या पानापुरतें हें मत आम्हांस मान्य आहे. भित्तिपत्रकाला मात्र तें जसेंच्या तसें लागू करतां येत नाहीं. कारण वाटसरूची नजर ओढून घेणें हें त्याचें पहिलें काम आहे. खुद्द वॉर्डबाईंचें पत्रकहि अक्षरांच्या देखणेपणानेंच आपणांस थांबवितें. त्यांच्या मताला त्यांच्याच कृतीनें घातलेली ही मर्यादा आम्हांस फार मोलाची वाटते.

या दोहोंवरून आमचा सिद्धांत असा, कीं जोडीला कारण पाहिजे. मजकुरांत दोन आवाज असतील, तरच दोन टाईप असावेत. एक सांगणारा आणि एक समजावणारा, एक मूळ आणि एक टीका, एक हांक आणि एक पत्ता. आवाज एक असून वळणें दोन झालीं, कीं वाचक नकळत दुसरा बोलणारा शोधूं लागतो आणि तो न सांपडल्यामुळें गोंधळतो. दुसरा सिद्धांत असा, कीं जोडींतील दोघांत फरक असावा तर तो स्पष्ट असावा. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन टाईपांची जोडी सर्वांत वाईट. कारण पाहणाऱ्यास तो विचार न वाटतां केसमधील अक्षरें सरलीं असावींत असें वाटतें. आणि तिसरा असा, कीं इतका फरक असूनहि दोहोंत एक तरी धागा समान असावा. अक्षराच्या पोकळीचा आकार, अंगाची जाडी, किंवा दोहोंचा काळ, यांपैकीं एक तरी गोष्ट जुळावी. पत्रिकेंतील सर्व गुण जुळलेच पाहिजेत असें नाहीं. पण एकहि जुळूं नये, हें बरें नव्हे.

येथवर विषय परक्या लिपीचा होता. आतां आपल्या घरीं येऊं. कारण खरा धोका येथेंच आहे.

जोडीचा विचार आपल्याला परका नाहीं. जुन्या हस्तलिखित पोथ्यांत 'त्रिपाठ' म्हणून एक मांडणी असे. मूळ ग्रंथ पानाच्या मध्यभागीं मोठ्या अक्षरांत, आणि त्याच्या वर व खालीं बारीक अक्षरांत टीका. वळण एक, आकार दोन, आणि खुणेच्या जागीं हिंगुळाची तांबडी शाई. आवाज दोन होते, म्हणून अक्षरें दोन प्रकारचीं झालीं. जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या संस्कृत ग्रंथांत मूळ श्लोक मोठ्या खिळ्यांत आणि टीका बारीक खिळ्यांत आढळते, ती याच परंपरेला धरून. राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या ठशांनीं देवनागरी टाईपाला जें सौष्ठव आलें, त्याची सर पुढें फार थोड्या टाईपांस आली.

दोन लिप्यांच्या जोडीचेंहि आपल्याकडे जुनें उदाहरण आहे. विल्यम केरी याचा १८१० चा मराठी शब्दकोश श्रीरामपुरास छापला, त्यांत मराठी शब्द मोडी टाईपांत आणि अर्थ इंग्रजींत होते. पुढें मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्यें निघाला व १८५७ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति झाली. त्यांत बाळबोध आणि रोमन शेजारीं शेजारीं बसलीं. त्या पानांवर कोणतीहि लिपि दुसरीचा वेष घेऊन आलेली नाहीं. दोघी आपापल्या चालीनें चालतात आणि तरी पान एक दिसतें.

आजची चाल निराळी आहे. इंग्रजी पुस्तकांत एक सूत्र सांपडतें, कीं सेरिफ असलेल्या टाईपास सेरिफ नसलेला टाईप जोडावा. सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या टोकांस असलेला लहानसा पाय. लंडनच्या विल्यम कॅस्लन याच्या चौथ्या पिढीतील वंशजानें १८१६ च्या सुमारास पाय नसलेला पहिला टाईप काढला, तेव्हांपासून या भेदाला अर्थ आला. पण आपल्या लिपींत सेरिफ आहे कोठें? देवनागरी अक्षर जमिनीवर उभें राहत नाहीं. तें शिरोरेषेला लोंबतें. बोरूचा काप रोमन लेखणीच्या कापाच्या उलट असल्यामुळें जाडी आणि बारकावे उलट बाजूंस पडतात. खरा भेद आहे तो बोरूनें लिहिल्यासारखें जाडबारीक वळण आणि सर्वत्र सारख्या जाडीचें वळण, यांतला. सूत्र आणावयाचें तर तें या भेदावर बसवून आणावें. तें न करतां नुसतें नांव आणल्यामुळें देवनागरी अक्षरांस रोमनचे पाय चिकटविलेलीं विद्रूप वळणें आपल्या दुकानांच्या पाट्यांवर दिसतात.

शिरोरेषेमुळें आणखी एक नियम निघतो. रोमन टाईपांत दोन वळणें एका ओळींत आलीं तरी तीं एकाच जमिनीवर उभीं राहतात, म्हणून खपून जातात. देवनागरींत दोन ओतशाळांचे खिळे एका ओळींत ठेवले, कीं शिरोरेषा एक वर, एक खालीं, एक जाड, एक बारीक, अशी तुटते. जुळाऱ्याला वर-खालीं कागदाच्या पट्ट्या घालून ती जुळवावी लागते, आणि उंची जुळली तरी जाडी जुळत नाहीं. म्हणून मराठी भित्तिपत्रकांत दोन वळणांनीं एका ओळींत शक्यतों भेटूं नये. ओळ बदलावी, मग वळण बदलावें.

ठळकपणाचें तर विचारूंच नका. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांमधील ठळक खूण म्हणजे शिरोरेषेतील एक लहानशी फट. खिळा कागदावर दाबला गेला, कीं शाई कडेला पसरते. वळण फार लठ्ठ असेल तर फट बुजते, आणि 'भामा'चे 'मामा' होण्यास वेळ लागत नाहीं. जो टाईप इंग्रजी टाईपाच्या लठ्ठपणाशीं बरोबरी करण्यासाठींच फुगविला आहे, त्यांत हा अपघात हटकून होतो. त्याचप्रमाणें द्विभाषी पत्रकांत मराठी अक्षरें इंग्रजीच्या उंचींत कोंबण्याची चाल आहे. रफार, मात्रा आणि अनुस्वार यांना वर जागा हवी, उकारांना खालीं हवी. त्यामुळें एकाच मापाच्या खिळ्यांत देवनागरीचें मुख्य अंग मुळांतच लहान असतें. बरोबरी करावयाची तर देवनागरीचें माप वाढवावें लागतें. तें न केल्यास एकाच पाटीवर इंग्रजी यजमानासारखी आणि मराठी आश्रितासारखी दिसते. ज्या भाषेचें राज्य म्हणून १९६० मध्यें महाराष्ट्र स्थापन झाला, तिच्या अक्षरांची ही अवस्था आम्हांस केवळ सौंदर्याचा प्रश्न वाटत नाहीं.

मग मराठींत जोडीचें भित्तिपत्रक कसें असावें? टीकाकारानें दोष दाखवून थांबूं नये, म्हणून आम्ही एक आराखडा मांडतों. कागद डबल क्राऊन, म्हणजे वीस इंच रुंद व तीस इंच उंच. मजकूर दोनच ओळींचा. वर 'आचार्यांस वंदन', खालीं 'आचाऱ्यांस आमंत्रण'. ज्ञान देणारा आणि पक्वान्नें रांधणारा, या दोघांत छापील अक्षरांत एका 'र'च्या आकाराचाच भेद आहे. हिंदीला या दुसऱ्या 'र'ची गरज नसते, म्हणून केवळ हिंदीसाठीं केलेल्या टाईपांत तो नसूं शकतो. मराठीचें मात्र त्यावांचून भागत नाहीं. टाईप मराठीचा आहे कीं नाहीं, याची परीक्षा पत्रकाच्या मजकुरांतच होऊन जाते. वरची ओळ बोरूच्या जाडबारीक वळणांत असावी. खालची ओळ सारख्या जाडीच्या लांकडी अक्षरांत, थोडी मोठी, कारण आचाऱ्याला आमंत्रण म्हणजे हांकच असते. दोहोंतील 'च'ची पोकळी मिळतीजुळती असावी. तो त्यांचा समान धागा. शाई काळी, आणि तो भेद करणारा 'र' तेवढा हिंगुळी. खालीं कोपऱ्यांत वरच्याच वळणाच्या बारीक खिळ्यांत दोन्ही टाईपांचीं नांवें आणि मापें. उपदेशाचा एकहि शब्द नको. पाहणारा दोन ओळींपुढें क्षणभर थांबेल, हंसेल, आणि जोडी कशासाठीं असते तें त्याला कळेल.

यावर असा आक्षेप येईल, कीं हें सर्व मेलेल्या कलेचें कौतुक झालें; आतां खिळेच मिळत नाहींत, तर जोडीची चिकित्सा कशाला? आक्षेपांत तथ्य आहे. देवनागरी खिळे ओतणें जवळजवळ बंद पडलें आहे, आणि जे उरले ते झिजलेले आहेत. परंतु खिळे गेले तरी निवड गेली नाहीं. उलट ती घरोघर आली. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांच्या 'मंगल' या वळणानें संगणकावर देवनागरीला जागा करून दिली. पुढें 'मुक्त'सारखीं वळणें आलीं, ज्यांत देवनागरी आणि रोमन एकाच घराण्यांत वाढलीं आहेत. आज पूर्वीच्या जुळाऱ्यानें स्वप्नांतहि पाहिलीं नसतील इतकीं वळणें शाळकरी मुलाच्या हाताशीं आहेत. जुळाऱ्याला गरजेनें शिस्त लावली होती. आतां ती आपली आपण लावून घ्यावी लागेल. महाराष्ट्र शासनानें २००९ मध्यें मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' प्रमाण म्हणून ठरविले. तरीहि मथळ्यांत एका तऱ्हेचा 'ल' आणि मजकुरांत दुसऱ्या तऱ्हेचा, अशीं पत्रकें सर्रास निघतात. तीं करणाऱ्यास अक्षर दिसतच नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ज्यांस भित्तिपत्रकांशीं कांहीं कर्तव्य नाहीं, त्यांच्या घरींहि कधीं ना कधीं लग्नपत्रिका निघतेच. कुलदेवतेचें स्मरण एका वळणांत, वधूवरांचीं नांवें वेलबुट्टीच्या दुसऱ्या वळणांत, मुहूर्त तिसऱ्यांत, आग्रहाची ओळ तिरक्या चौथ्यांत, आणि नातवंडांची लाडिक विनंती बाळबोध म्हणून पांचव्यांत, अशी पत्रिका कोणी पाहिली नाहीं? त्या पत्रिकेंत आवाज किती आहेत, हें यजमानानें एकदां मोजावें. बहुधा दोनच निघतील, एक निमंत्रणाचा आणि एक माहितीचा. निमंत्रणाला एक वळण द्यावें, तिथि, मुहूर्त आणि स्थळ यांना दुसरें. आणि तें दुसरें इतकें मोठें व स्वच्छ असावें, कीं चष्मा विसरून आलेल्या आजोबांनाहि मुहूर्त कोणास विचारावा लागूं नये. उरलेलीं तीन वळणें खुशाल पेटींत राहूं द्यावींत. अक्षरांची निवड करतांना एवढा विचार घरोघर होऊं लागला, तर मराठी अक्षरावर टीका लिहिणारे निर्माण होण्यास वेळ लागणार नाहीं.